पाप कारखान्याचें, प्रायश्चित्त बुरशीचें

सृष्टींतील एखादें रहस्य शास्त्रज्ञांनीं उकललें कीं त्याचे दोन प्रकारचे वारसदार ताबडतोब पुढें येतात. पहिले ते, जे त्या रहस्याचा धागा धरून आणखी परिश्रम करतात. आणि दुसरे ते, जे त्याच्या आधारावर आपले परिश्रम टाळूं पाहतात. दुर्दैवानें दुसऱ्यांची संख्या नेहमींच मोठी असते आणि त्यांचा आवाज तर त्याहूनहि मोठा असतो. लांकूड कुजविणाऱ्या कांहीं बुरशा कारखान्यांनीं माती-पाण्यांत सोडलेल्या जहाल विषांचे तुकडे करूं शकतात, हा गेल्या चाळीस वर्षांतील शोध सध्यां अशाच दुहेरी वारशाच्या कचाट्यांत सांपडला आहे. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, परिषदांतील व्याख्यानें आणि कारखानदारांच्या गुळगुळीत वार्षिक पुस्तिका यांतून ‘विष खाणारी अळंबी’ हा विषय आतां इतका रुळला आहे कीं, थोड्याच दिवसांत गटाराचें तोंड नदींत सोडणारा गृहस्थहि ‘पुढचें बुरशी पाहून घेईल’ असें म्हणूं लागला, तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं.

आमची भूमिका प्रथमच स्पष्ट करून ठेवितों. बुरशीच्या सामर्थ्याविषयीं आम्हांस संशय नाहीं. तें सामर्थ्य प्रयोगांनीं सिद्ध झालेलें आहे. आमचें भांडण आहे तें त्या सामर्थ्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानाशीं. ‘निसर्गाजवळ उपाय आहे, म्हणून अपायाची चिंता नको’ हें तें अनुमान. हें तर्काला सोडून आहे, नीतीला सोडून आहे, आणि ज्या शास्त्राचें नांव घेऊन तें मांडलें जातें त्या शास्त्रालाहि सोडून आहे, एवढें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आधीं शोधाचें खरें स्वरूप पाहूं. लांकडाला कठीणपणा आणणारें लिग्निन नांवाचें द्रव्य हें निसर्गांतील एक मोठें अवघड कुलूप आहे. सेल्युलोजची सांखळी एकाच घाटाच्या कड्यांची असते; त्यामुळें तिच्या मापाचें विकर, म्हणजे सजीवांच्या रासायनिक घडामोडी चालविणारें प्रथिन, किल्लीप्रमाणें बसलें कीं काम भागतें. लिग्निनची जडण मात्र इतकी अस्ताव्यस्त आहे कीं एका किल्लीनें तें उघडणें शक्य नाहीं. लांकडावर पांढरी कूज आणणाऱ्या बुरशांनीं यावर जो उपाय शोधिला, तो किल्लीचा नसून घणाचा आहे. या बुरशा आपल्या तंतूंच्या बाहेर अशीं विकरें सोडतात कीं जीं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्यानें समोर येईल त्या रेणूंतील एक इलेक्ट्रॉन हिसकून घेतात. इलेक्ट्रॉन गेला कीं रेणूचा तोल सुटतो आणि तो आपोआप मोडूं लागतो. आमच्या कोंकणांत फणसाच्या जुन्या खोडावर जो टणक फणसांबा वाढतो आणि जो उगाळून औषधाला वापरण्याची जुनी चाल आहे, तो याच धंद्यांतला एक कारागीर होय.

हीं विकरें कशीं चालतात याचा उलगडा १९८३ सालीं झाला. अमेरिकेंत टीन व कर्क यांनीं आणि त्याच सुमारास गोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या बुरशीपासून लिग्निन तोडणारें विकर वेगळें केलें. दोनच वर्षांनीं, १९८५ च्या जून महिन्यांत, बंपस, ऑस्ट व त्यांचे सहकारी यांनीं ‘सायन्स’ या पत्रांत दाखवून दिलें कीं हीच बुरशी डीडीटी, लिंडेन, बेंझोपायरीन, क्लोरीनयुक्त बायफिनिल, एवढेंच काय पण डायॉक्सिन या कुप्रसिद्ध विषाचेंहि थोडें थोडें ऑक्सिडीकरण करून त्यांतील कार्बनाचा वायु बनवूं शकते. ज्या द्रव्यांपुढें जमिनींतील बहुतेक जीवाणू हात टेकतात त्यांवर हा घण चालतो, कारण घणाला कुलपाचा आकार पाहण्याची गरज नसते. शोध थोर आहे. त्याला आमचे शतशः प्रणाम.

परंतु याच वर्णनांत एक गोष्ट दडलेली आहे आणि तिचा उच्चार आमच्या प्रतिपक्षाच्या लेखांतून सहसा होत नाहीं. ती ही कीं, बुरशी विष ‘खात’ नाहीं. लिग्निनवरहि तिचा निर्वाह चालत नाहीं. त्याच्या आड दडलेलें सेल्युलोज हातीं लागावें म्हणून ती तो कोट फोडते. विषाचा रेणू घणाच्या माऱ्यांत सांपडतो तो वाटसरू म्हणून. तात्पर्य, या मजुराला कामावर ठेवावयाचें तर त्याची शिदोरी आपणच पुरविली पाहिजे: पेंढा, भुसा, लांकडाचे ढलपे. शिवाय त्याला ओलावा पाहिजे, ऊब पाहिजे आणि मुबलक प्राणवायु पाहिजे. प्रयोगशाळेंत ही बुरशी आपला घण उचलते ती बहुधा नत्राचा तुटवडा पडल्यावर. आणि चाळिसाच्या आसपास अंश तपमान तिला मानवतें. उघड्या मातींत तिला तेथल्या मूळच्या रहिवाशांशीं, म्हणजे कोट्यवधि जीवाणूंशीं व इतर बुरशांशीं, झुंजावें लागतें. जमिनीच्या पोटांत दहा-वीस हात खोल, जेथें हवा पोंचत नाहीं आणि जेथें विषारी पाणी विहिरींच्या झऱ्यांना जाऊन मिळतें, तेथें हा घण उचलणार कोण? लांकडाच्या ओंडक्यावर जें घडतें तें गांवच्या भूजलांत घडेल असें मानणें म्हणजे तवा तापला म्हणून विहीर तापेल असें म्हणण्यासारखें आहे.

मोकळ्या मैदानावरील प्रयोगांत काय दिसलें याचें एक प्रामाणिक उदाहरण घेऊं. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांतील ऑशकॉश येथें लांकूड टिकविण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या पेंटाक्लोरोफिनॉलनें बिघडलेल्या मातींत लामार व डिट्रिच यांनीं फॅनेरोकीटी वर्गांतील दोन बुरशा लांकडाच्या ढलप्यांसह मिसळल्या आणि १९९० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. साडेसहा आठवड्यांत त्या विषाचें प्रमाण शेंकडा ८८ ते ९१ नें घटलें. हवामान बुरशीला अनुकूल नसतांना घडलेलें हें कार्य कौतुकास्पद नाहीं असें कोण म्हणेल? पण त्याच संशोधकांनीं, खऱ्या शास्त्रज्ञाला साजेल अशा सचोटीनें, हेंहि नोंदविलें कीं घटलेल्या भागापैकीं शेंकडा आठ ते तेरा एवढा भाग नाहींसा झाला नव्हता. बुरशीनें त्याचें पेंटाक्लोरोॲनिसोल बनविलें होतें. म्हणजे मूळ रेणूवर एक मिथिल-टोपी चढविली होती. टोपी घातल्यानें चोराचें नांव बदलतें, धंदा बदलत नाहीं; उलट हें नवें द्रव्य प्राण्यांच्या चरबींत अधिक सहज मुरतें.

येथेंच आम्हांस वाचकांचें लक्ष एका भेदाकडे वेधावयाचें आहे, कारण सगळा घोटाळा त्या भेदाच्या विस्मरणांतून झाला आहे. विषाचा रंग जाणें निराळें, विषाचें नांव जाणें निराळें, विषाचें ठिकाण बदलणें निराळें, आणि विष जाणें निराळें. जाहिरातींतून पहिल्या तीन गोष्टी चौथीच्या नांवावर खपविल्या जातात. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचेंच पाहा. त्यांतील ॲझो जातीचे रंग जीवाणूंकडून हवेवांचून फोडले असतां पाणी स्वच्छ दिसूं लागतें, पण तुटलेल्या रंगांतून निघणारीं कांहीं ॲमिनें मूळ रंगाहून घातक असूं शकतात. बुरशीचा मार्ग ऑक्सिडीकरणाचा असल्यामुळें ही आपत्ति पुष्कळदां टळते हें खरें. पण ती टळली कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं, पाण्याची विषपरीक्षा करूनच कळतें. पेल्यांतील पाणी निवळलें हें पाहून टाळ्या पिटणाऱ्या सभेला हा प्रश्न विचारावा, कीं ज्या पाण्यांत मासळी सोडून पाहण्याची कोणाची तयारी नाहीं, त्याला शुद्ध म्हणण्याची घाई कां?

आणि धातूंचें काय? कार्बनी विषाचा रेणू फोडतां येतो. पारा, शिसें, क्रोमियम, कॅडमियम हीं मूलद्रव्यें आहेत, आणि मूलद्रव्य फोडण्याची विद्या कोणत्याहि बुरशीला अवगत नाहीं. तामिळनाडूंतील कोडाइकनाल येथें २००१ सालीं बंद पडलेल्या उष्णतामापकांच्या कारखान्याच्या आवारांत जो पारा मातींत मिसळला, त्याचा एकहि अणु कोणत्याहि अळंबीच्या पोटांत जिरून नाहींसा होणार नाहीं. फार तर ती तो शोषून आपल्या देहांत सांठवील. मग त्या अळंब्या खुडून कोठें पुरावयाच्या हा प्रश्न उरतोच. १९८६ च्या चेर्नोबिल येथील स्फोटानंतर युरोपच्या अरण्यांत अळंब्यांनीं किरणोत्सर्गी सीझियम असेंच सांठविलें, आणि त्या खाणाऱ्या रानडुकरांच्या मांसांत तें अनेक दशकें सांपडत राहिलें. समुद्रमंथनाच्या कथेंत खुद्द शंकरानेंहि हालाहल पचविलें नाहीं. तें त्यानें कंठांत धरून ठेविलें. जें महादेवाला साधलें नाहीं तें कुत्र्याच्या छत्रीकडून करवून घेण्याची आमच्या सुधारकांना मोठी उमेद आहे!

‘पण शास्त्र पुढें जाईल, या अडचणी दूर होतील’ असें कोणी म्हणेल. जाईल, जावो. मात्र अशा आशेचा एक जुना अनुभव गांठीं आहे, तो विसरूं नये. बंगालमध्यें जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती यांनीं अमेरिकेंत खनिज तेलाचे निरनिराळे घटक फोडणारा जीवाणू सिद्ध केला. सजीवावर पेटंट देतां येतें असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं त्याच जीवाणूच्या प्रकरणांत दिला. त्या वेळीं तेलगळतीच्या संकटाचा अंत झाल्याची भाषा सुरू झाली होती. १९८९ च्या मार्च महिन्यांत अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन व्हाल्डेझ हें जहाज फुटलें आणि कोटीच्यावर गॅलन तेल समुद्रांत गेलें, तेव्हां तो जगप्रसिद्ध जीवाणू कामास आला नाहीं. तेथल्याच किनाऱ्यावरील जीवाणूंना खत घालून थोडेंबहुत काम करून घ्यावें लागलें. एवढें होऊनहि २००१ सालच्या पाहणींत गोट्यांखालीं तेल तसेंच सांपडलें, कारण त्या खोलींत प्राणवायूचा तुटवडा होता. शोध लागला होता, पेटंट मिळालें होतें, कायद्याचा इतिहास घडला होता. फक्त तेल गेलें नव्हतें.

आतां आमच्याच देशांतील एक प्रकरण पाहूं. कारण रसायनशास्त्राचा वाद कितीहि रंगला तरी खऱ्या प्रश्नाचें मूळ तेथें नाहीं. राजस्थानांत उदयपूरजवळ बिछडी नांवाचें गांव आहे. १९८८ च्या सुमारास तेथील एका कारखान्यानें एच-ॲसिड या द्रव्याचें उत्पादन सुरू केलें. सुती कापडाच्या कित्येक ॲझो रंगांचा हा कच्चा माल. पाश्चात्त्य देशांनीं त्याचें उत्पादन आपल्या अंगणांतून हद्दपार केलें होतें, मात्र त्याची गरज त्यांना होतीच. आणि बिछडीचा माल निर्यातीसाठींच होता. सुमारें ३७५ टन एच-ॲसिड तयार झालें, आणि त्याच्यामागें सुमारें २,४४० टन विषारी गाळ उरला. म्हणजे एक टन माल परदेशीं आणि साडेसहा टन विष स्वदेशीं असा हा व्यापार! तें विष जमिनींत झिरपलें, विहिरींचें पाणी तांबडें झालें, तें माणसांना, गुरांना व पिकांना निरुपयोगी ठरलें. कारखाना थोड्याच काळांत बंद पडला. पाणी मात्र तांबडेंच राहिलें.

१९८९ सालीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें १३ फेब्रुवारी १९९६ रोजीं निकाल दिला आणि ‘जो बिघडवील त्यानें भरपाई करावी’ हें तत्त्व आमच्या कायद्यांत ठामपणें रोंवलें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें परिसराची पाहणी केली, आणि शुद्धीकरणाचा खर्च म्हणून सुमारें ३७ कोटी ३८ लक्ष रुपये ठरविण्यांत आले. त्यानंतर अर्जांवर अर्ज, फेरविचारावर फेरविचार असें चालून १८ जुलै २०११ रोजीं न्यायालयास ती रक्कम शेंकडा बारा चक्रवाढ व्याजासह व दहा लक्ष दंडाच्या खर्चासह भरण्याचा हुकूम पुन्हा सोडावा लागला. दाव्याच्या आरंभापासून बावीस वर्षें! या बावीस वर्षांत बिछडीला कशाचा तुटवडा होता? बुरशीचा कीं न्यायाचा? १९८५ चा तो शोध तर दावा दाखल होण्यापूर्वींच छापून आला होता. समजा, एच-ॲसिडचा फडशा पाडणारी एखादी अळंबी त्याच वर्षीं हातीं आली असती. तिच्यासाठीं लागणारा पेंढा, मजुरी, यंत्रें, तपासणी यांचा खर्च कोणीं दिला असता? ज्यानें ३७ कोटी देण्यास दोन दशकें लावलीं त्यानें पेंढ्याची गाडी दुसऱ्या दिवशीं पाठविली असती असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात तें हेंच. रोग हिशेबाच्या वहींत आहे आणि उपाय अरण्यांत शोधावयाचा!

खर्च देणारें गिऱ्हाईक असलें म्हणजे बुरशीचें शास्त्र किती चपळाईनें कारखान्यांत शिरतें याचाहि पुरावा आहे. लॅकेज नांवाचें एक विकर १८८३ सालीं योशिदा या जपानी रसायनज्ञाला लाखेच्या झाडाच्या चिकांत प्रथम आढळलें. पांढरी कूज आणणाऱ्या बुरशांच्या हत्यारांत तें प्रमुख आहे, आणि सांडपाण्यांतील रंग फोडण्यास उपयोगी म्हणून त्यावर ढीगभर निबंध लिहिले गेले आहेत. या विकराला मोठ्या प्रमाणावर जें काम मिळालें त्यांतलें एक कोणतें, ठाऊक आहे? निळ्या डेनिमच्या कोऱ्या विजारी जुन्या व विटक्या दिसाव्या म्हणून त्यांचा रंग उडविण्याचें! विजारीवरचा रंग उडविण्यास पैसे देणारा सांपडला. नदींतला रंग उडविण्यास पैसे देणारा अजून शोधावा लागतो. यांत विकराचा दोष काय?

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असल्यामुळें त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. ‘न्याय मिळेपर्यंत गांवकऱ्यांनीं विषारी पाणी प्यावें काय? अपराधी पळून गेला असेल, कंपनी दिवाळखोर झाली असेल, तर स्वस्त व सोपा जो उपाय हातीं आहे तो करूं नये काय?’ करावा, अवश्य करावा. घराला आग लागली असतां आग लावणाराचा शोध संपेपर्यंत पाणी ओतूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाणी ओतणाऱ्यानें दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. एक, हा उपाय आहे, माफी नव्हे. त्याचा खर्च अपराध्याच्या खातीं मांडलाच जाईल. दुसरी, उपाय लागू पडला किंवा नाहीं हें उपाय करणारानें नव्हे तर त्रयस्थानें तपासावें आणि निकाल गांवाच्या भाषेंत गांवाच्या चावडीवर लावावा. या दोन अटी मान्य नसतील तर ‘गरीब गांवकऱ्यांचा कळवळा’ हा शब्दप्रयोग निदान आमच्यापुढें तरी करूं नये. कळवळ्याची कसोटी भोपाळनें फार पूर्वींच घेतली आहे. १९८४ च्या डिसेंबरांतील त्या भयंकर रात्रीनंतर कारखान्याच्या आवारांत पडून राहिलेला ३३७ टन कचरा तेथून हलून पीथमपूरला पोंचण्यास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. आणि आवारांतली दूषित माती व तिच्याखालचें पाणी हा प्रश्न तेवढ्यानें मिटला नाहीं. चाळीस वर्षें एका पिढीचें आयुष्य खातात. तीं कोणत्या बुरशीनें परत द्यावयाचीं?

दुसऱ्या टोंकाला एक निराळा वर्ग आहे आणि त्यालाहि आम्ही मोकळा सोडूं इच्छीत नाहीं. ‘अळंब्यांनीं कोठें विष जातें काय’ असें म्हणून हंसणारे हे व्यवहारचतुर लोक होत. यांना सिमेंटचा खड्डा आणि विटांची भट्टी यांपलीकडे शास्त्र दिसत नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत देशांतील बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून निघालेल्या या संस्थेला प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाची तपश्चर्या लाभली. सह्याद्रीच्या पावसाळी अरण्यांत कुजत्या खोडांवर किती प्रकारचे कारागीर राबत असतात याची मोजदाद करणाऱ्या माणसांची संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकी असावी, आणि ‘विषभक्षक अळंबी’वर टाळ्या वाजविणारे हजारों असावे, हें चित्र लाजिरवाणें आहे. स्तुति करणाऱ्यानें संशोधनाला पैसे द्यावयाचे नाहींत आणि निंदा करणाऱ्यानें संशोधन वाचावयाचें नाहीं, असा जणूं उभयतांनीं करारच केला आहे. चमत्काराची अपेक्षा आणि कामाची उपेक्षा या जुळ्या बहिणी आहेत.

मग आमचें म्हणणें तरी काय? तें थोडक्यांत सांगतां येईल. बुरशीला तिच्या योग्य जागीं बसवा. तिची योग्य जागा नदींत नाहीं, कारखान्याच्या कुंपणाच्या आंत आहे. विष एका टाकींत कोंडलेलें आहे, त्याची जात माहीत आहे, ओलावा, ऊब व हवा हातांतली आहे, अशा ठिकाणीं हा घण खऱ्या अर्थानें उपयोगी पडेल. इचलकरंजीसारख्या कापडाच्या गांवीं पंचगंगेला मिळण्यापूर्वींच रंगाचें पाणी अडवून त्यावर असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर व्हावे, त्यांचा खर्च रंगाच्या किंमतींत धरला जावा, आणि विषपरीक्षेचे आंकडे लोकांपुढें यावे. लांकूड टिकविण्याच्या जुन्या वखारी, तेल सांडलेलीं आवारें, अशा वरच्या थरांतील मातींतहि ती उपयोगी पडेल. जेथें धातु आहेत तेथें तिचें नांव काढूं नये. जेथें विष भूजलांत उतरलें आहे तेथें तिच्या नांवावर गांवकऱ्यांची समजूत काढूं नये. आणि कोणत्याहि नव्या कारखान्यास परवानगी देतांना ‘पुढें जैविक उपायांनीं शुद्धि करण्यांत येईल’ हें वाक्य अर्जांत दिसलें कीं तो अर्ज त्याच वाक्यासाठीं परत पाठवावा; कारण बिघडविण्याचा बेत असल्यावांचून शुद्धीचें आश्वासन अगोदर कोणी देत नाहीं.

शेवटीं आमच्या वाचकवर्गाला, म्हणजे आम्हां पांढरपेशा सुशिक्षितांना, दोन शब्द. या भ्रमाचे खरे गिऱ्हाईक आपण आहों. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतला रस्ता २०२० च्या फेब्रुवारींत गुलाबी झालेला आपण छायाचित्रांत पाहिला, चार घटका हळहळलों आणि पान उलटलें. पुढच्या पानावर अळंबीची सुरस कथा वाचून आपल्या जिवाला बरें वाटलें. आपल्याला स्वस्त आणि न विटणारे रंग पाहिजेत, भाव पाहिजे तो हंगामाच्या सवलतीचा, आणि वर मनाला टोंचणीहि नको. ती टोंचणी काढून देणाऱ्या प्रत्येक बातमीला आपण ‘आशादायक’ म्हणतों. वास्तविक आशादायक बातमी ती, जिनें करण्याची उमेद वाढते; जिनें न करण्याची सोय होते ती बातमी अफूची गोळी होय.

आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताचे प्रकार पुष्कळ सांगितले आहेत, पण एकाचें पाप दुसऱ्यानें उपवास करून फेडावें असा प्रकार आमच्या ऐकिवांत नाहीं. बुरशीनें कोणतेंहि पाप केलेलें नाहीं. पडल्या झाडाची माती करून पुढच्या झाडाला जागा करून द्यावी हा तिचा कुळाचार, आणि तो ती मानवजात जन्मण्यापूर्वींपासून बिनबोभाट पाळीत आली आहे. तिनें आपल्या घाणीलाहि हात लावला तर तो तिचा उपकार समजून तिची शिदोरी आपण भरावी, तिचें काम तपासावें, तिच्या जातभाईंचा अभ्यास करावा. मात्र ज्यानें घाण केली त्याचें नांव तिच्या पांढऱ्या तंतूंखालीं झांकूं देऊं नये. त्या नांवावर बुरशी चढूं न देणें हें काम कोणत्याहि विकराचें नव्हे. तें आपलें आहे.